डेनालीत दोन दिवस: बस कुठली घ्यावी आणि अस्वल खरंच दिसतं का?

निवांत:
ऑगस्टच्या शेवटी अलास्काला चाललोय, त्यातले दोन दिवस डेनाली नॅशनल पार्कला ठेवलेत. सोबत आईबाबा, दोघंही सत्तरीचे, बाबांचा एक गुडघा कुरकुरतो. गाडी भाड्याने घेतोय, म्हणून वाटलेलं की आपलीच आत घालू, हवं तिथे थांबू, पण आता कळतंय की तसं चालत नाही. बसमध्ये गाइडवाली टूर आणि साधी ट्रान्झिट असे दोन प्रकार दिसतायत, कुठली घेऊ? आणि बाबांना अस्वल बघायचंय. म्हणजे फक्त अस्वलच, बाकी काही दिसलं तर ते हिशेबात धरणार नाहीत. चान्स किती?

रानभूल:
स्वतःची गाडी सॅव्हेज नदीपर्यंत, मैल १५, पुढे उन्हाळ्यात बसच. आणि बरंच आहे की, चोवीस हजार चौरस किमीच्या वर पसरलेल्या पार्कात रस्ता एकच, ९२ मैलांचा, त्यावर सगळ्यांच्या गाड्या सोडल्या तर अस्वल राहिलं, नुसती धूळ दिसेल. २०२१ च्या ऑगस्टात मैल ४५ जवळ प्रिटी रॉक्सला रस्ता इतका खचायला लागला की पुढचा भाग बंदच केला, आम्ही २०२३ ला गेलो तेव्हा बस मैल ४३ ला, ईस्ट फोर्कवरूनच परत वळायची. आता कुठवर जाते ते बुकिंगआधी पार्कच्या साइटवर बघाच.
मी ट्रान्झिट म्हणेन. मधे कुठेही उतरा, पाय मोकळे करा, मागून येणाऱ्या बसला हात करून चढा (जागा असेल तर!). कोणाला काही दिसलं की 'स्टॉप' ओरडायचं, ड्रायव्हर थांबवतो. आमच्या बसमधे एक आजोबा चार वेळा दगडासाठी ओरडले, कोणी काही बोललं नाही, पाचव्यांदा खरंच अस्वल निघालं.

चकवा:
मी उलट सांगेन, सत्तरीच्या माणसांना टूर बरी. दुसऱ्या बसची वाट बघत वाऱ्यात उभं राहणं गंमत नाही, ऑगस्टअखेर तिथे पानगळीचा ऋतू सुरू झालेला असतो, टुंड्रा लालभडक होतो पण थंडी पण असते. वाटेत मैल ३० ला टेक्लानिकाला टॉयलेट आहे, बाबांना आधीच सांगून ठेवा.
अस्वलाचं म्हणाल तर खात्री कोणीच देणार नाही, पण वेळ चांगली निवडलीय. थंडीआधी चरबी साठवायला ती दिवसभर बेरी खात असतात. आम्हाला जे दिसलं ते वाळक्या गवताच्या रंगाचं, आधी वाटलं उतारावर कोणीतरी पोतं टाकलंय. मग पोतं हललं. डोकं झुडपात खुपसून ओठांनी बेरी ओरबाडत होतं, अर्धा तास बस उभी होती, एकदाही वर बघितलं नाही. दुर्बीण न्या, कॅमेऱ्यापेक्षा दुर्बीण.

निवांत:
दुर्बीण नोट केली. पायी फिरताना समोरच आलं तर?

रानभूल:
अस्वलापासून ३०० यार्ड, म्हणजे पावणेतीनशे मीटर लांब राहायचं हा तिथला नियम. समोर आलंच तर पळायचं नाही, बोलत बोलत हळू मागे. मूसचं (तिथलं अवाढव्य हरीण) मात्र उलटं, तो अंगावर आला तर सरळ पळायचं नि झाडामागे जायचं. आणि खरं सांगू का, मला अस्वलापेक्षा मूसची भीती जास्त वाटली, पिल्लाबरोबरची मादी किंवा सप्टेंबरात माजावर आलेला नर, कान मागे पाडले की समजायचं आपण जास्तच जवळ आलो.
आत पायवाटा जवळजवळ नाहीतच, ग्रुपने चालताना रांगेत न जाता पसरून चाला, नाहीतर नवी वाट पडते. टुंड्रा ओल्या गादीसारखा दबतो, त्या गुडघ्याला नकोच तो. सॅव्हेज नदीकाठचा दोन मैलांचा फेरा सोपा आहे, तो करा.

अनवाणी:
सगळे अस्वल अस्वल करतायत म्हणून लिहितेय, १९१७ ला हे पार्क केलंच मुळी डाल नावाच्या पांढऱ्या रानमेंढ्यांसाठी, शिकारीने संपत चालल्या होत्या म्हणून. इग्लू डोंगरावर पांढरे ठिपके दिसले की बघा, ठिपका चालला तर मेंढी.
आणि डेनाली पर्वताची फार आस धरू नका, ६१९० मीटरचा असून साधारण तिघांतल्या एकालाच दिसतो, बाकीच्यांना ढग. (नावाचा गोंधळ होऊ नये म्हणून: २०१५ ला सरकारने त्याचं डेनाली केलं, २०२५ ला परत मॅकिन्ली, पार्क मात्र डेनालीच.) पाऊस असला तर स्लेड (बर्फावरची घसरगाडी) ओढणाऱ्या कुत्र्यांचं केनेल बघा, हिवाळ्यात रेंजर खरंच त्यांच्यासोबत गस्त घालतात, उन्हाळ्यात फुकट दाखवतात. माझ्या मुलीला तेच सगळ्यात जास्त आवडलं, अस्वल दिसून सुद्धा.

निवांत:
सगळ्यांना थँक्स. आईबाबांसाठी टूर आणि दुसऱ्या दिवशी मी एकटा ट्रान्झिट, असं ठरलंय. बाबा ३०० यार्ड ऐकून म्हणाले, "एवढ्या लांबून बघायचं तर टीव्ही काय वाईट," पण दुर्बीण कालपासून त्यांच्याच गळ्यात आहे, खिडकीतून शेजाऱ्यांचं मांजर बघतायत.

चकवा:
जाताना बाबांसाठी डावीकडची सीट पकडा.