उंदराच्या लेंडीवरून माणसाचं आतडं कळतं का?

गोठ्यातला_डॉक्टर:
चंद्रपूर जिल्ह्यात जनावरांच्या दवाखान्यात असतो. पुतणी परजीवींवर संशोधन करते. तिचा विषय चागास रोग: १९०९ साली ब्राझीलमध्ये कार्लोस चागास यांनी शोधलेला, परजीवीमुळे होणारा. त्यात कित्येक वर्षांनी काहींचं मोठं आतडं फुगून निकामी होतं, कारण आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशी मरतात. हे कसं घडतं ते पाहायला उंदरांना संसर्ग करतात, मग लाल रंग पाजून लेंडी लाल यायला किती वेळ लागला ते मोजतात. आमचे बंधू भडकले, "लेंड्या मोजायला पीएचडी?" मला मात्र पटलं. माणसाच्या जिवंत आतड्याचा तुकडा दर महिन्याला कोण काढून देणार?

कापूसवाला:
मले नाही पटत. माणसाले वीस-वीस वर्षं लागतात, अन् उंदराचं जगणंच दोन-तीन वर्षांचं. शिवाय रोग तिकडचा. आपल्या मुक्या जिवाले काहून त्रास?

मास्तर_झाडीपट्टी:
तिकडचा म्हणून हसू नका. जनावरांना सर्रा नावाचा रोग होतो, त्याचा किडा चागासच्या परजीवीचाच चुलतभाऊ. २००४ साली आपल्याच जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला होता. सर्रा माणसाला होत नाही, असंच तोवर धरून चालले होते.

कापूसवाला:
मास्तर, हे तं माझ्याच बाजूचं झालं! त्या माणसाच्या रक्तात सर्र्याचा किडा मारणारं प्रथिन काम करत नव्हतं, म्हणून तो सापडला. उंदरात ते प्रथिन नसतेच. मंग उंदीर अन् माणूस एक कसा?

गोठ्यातला_डॉक्टर:
मुद्दा बरोबर, मानलं. म्हणून तर उंदराला काय विचारायचं ते ठरवावं लागतं. चागासच्या परजीवीत काजव्यासारखं चमकणारं विकर घातलं, तेव्हा जुनाट संसर्गात तो मोठ्या आतड्यात दडून बसतो हे दिसलं. औषध लवकर दिलं तर मंदावलेलं आतडं पुन्हा चालतं, हेही उंदरातच दिसलं. माणसाचंही तसंच होईल असा दावा मी करत नाही. पण लवकर औषध द्यावं का, हा प्रश्न त्यामुळे जोर धरतो. विनाकारण उंदीर मारायला माझाही विरोध आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगाला समितीची परवानगी लागते, ती नुसती कागदावर राहू नये.

कापूसवाला:
बरं, ते राहू द्या. माझा गोऱ्हा कालपासून खुंट्याभोवती गोल-गोल फिरून राह्यला, वैरणीले तोंड लावत नाही.

गोठ्यातला_डॉक्टर:
ताप आहे का? असेल तर आत्ताच घेऊन या. सर्रा असू शकतो, आणि ताप उतरला की रक्ताच्या स्लाईडवर त्याचा किडा सहसा हाती लागत नाही.