अनुभव धागा: मराठवाड्यातून परदेशात कामाला गेलेल्यांनो, खरं खरं लिहा

आपल्याकडं माणूस कामासाठी गाव सोडतो यात नवल नाही. दसरा झाला की ऊसतोडीपायी बीड-धारूरकडचे वाड्या-तांडे रिकामे होतात. आता त्याच घरांतली पोरं पासपोर्ट काढायलीत. मुकादम आधी उचल देतो, एजंट आधी पैसे घेतो, एवढाच फरक. गावात मला सारखं कुणीतरी विचारतं, "भाऊ, जावं का?" मी कधी गेलोच नाही, सांगणार काय? तुम्ही लिहा. विमानतळावरचे फोटो नकोत. पैसा कुठून उभा केला, कागद कुठं अडला, गेल्यावर काम तेच निघालं का, ते सांगा. एजंटचं अन् कंपनीचं नाव मात्र टाकू नका.

वाळूजहून कतारला

आयटीआय वेल्डर. मुंबईत ट्रेड टेस्ट झाली, सिक्सजी म्हणजे पाइप वेल्डिंगची अवघड परीक्षा. पाइप ४५ अंशात तिरका बांधलेला असतो. तो हलवायचा नाही, आपणच वाकून, आडवं होऊन चारी बाजूंनी जोड मारायचा. पहिलाच थर बिघडला की वरचं सगळं वाया. ती पास झालो, तर मेडिकलात सोबतचा पोरगा अडकला. एक्सरेत जुन्या टीबीचा डाग. बरा होऊन वर्षं झालती, तरी अनफिट. अन् एजंटला पैसे आधीच दिलते. मेडिकलचा निकाल हातात येईपर्यंत कुणाला रुपया देऊ नका.

नियमानं एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अन् वर जीएसटी घेता येतो. माझ्याकडून त्याच्या कितीतरी पट घेतले, पावती ३०,००० चीच. दहावी पास नसाल तर पासपोर्ट ईसीआर असतो, म्हणजे आखाती देशात कामाला जायला सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर मंजुरी लागते. ते टाळायला एजंट म्हणतो, व्हिजिट व्हिसावर चला, तिकडं बदलून देतो. जाऊ नका. एजंटला परवाना आहे का, तेही ई-मायग्रेटवर बघता येतं.

२०२१ पासून कतारात किमान पगार महिन्याला १,००० रियाल आहे. कंपनीनं राहणं-जेवण दिलं नाही तर ५०० अन् ३०० वेगळे. कंपनी बदलायला जुन्या मालकाची एनओसी लागत नाही, निदान कायद्यात तरी. मी बदलतो म्हणलं तर फोरमन बरेच दिवस बोलला नाही, पण बदलली. १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम बंद असतंय. आपल्या मे महिन्यात वाढलोय म्हणून फुशारकी मारू नका. तिथं हवा दमट, घाम वाळतच नाही.

उदगीरची, सध्या जर्मनीत

बीएस्सी नर्सिंग. नर्स म्हणून मान्यता मिळायला जर्मन भाषेची बी-२ पातळी लागते, सहा पातळ्यांतली चौथी. लातुरात नीट-जेईईच्या क्लासची पाटी पावलापावलाला, जर्मनसाठी मला पुण्यात खोली करावी लागली. मान्यता येईपर्यंत मदतनीस म्हणून काम, पगारही तसाच.

खरा धक्का कामाचा बसला. आपल्याकडं पेशंटला आंघोळ, भरवणं, कपडे बदलणं नातेवाईक नाहीतर मावशी करतात. इथं ते नर्सचंच काम. मी इंजेक्शनचा ट्रे शोधत होते अन् सीनियरनं हातात टॉवेल दिला. यात कमीपणा वाटणार असेल तर येऊ नका. २०२४ मध्ये महाराष्ट्रानं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून मला लई फोन येतात. सगळे पगार विचारतात, भाषेचं कुणीच नाही.

अंबाजोगाई, मुलगा कॅनडात

मी गेलो नाही, पण खर्च मीच केलाय. बँक म्हणाली, शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण चालत नाही, एनए प्लॉट आणा. प्लॉट निघाला मेव्हण्याचा. आता त्याच्याकडं जेवायला बसलं की पोराच्या नोकरीची चौकशी आधी, भाकर नंतर. त्यात २०२४ मध्ये कॅनडानं विद्यार्थ्यानं खात्यात दाखवायची रक्कम १०,००० वरून २०,६३५ कॅनडियन डॉलर केली. आमचा नंबर त्याच्यानंतरचा. पोरगं शिकलंय इंजिनिअरिंग, करायलंय गोदामात रात्रपाळी. मायला सांगतो "लॉजिस्टिक्समध्ये आहे". तिला कळतंय सगळं.

परळीकडचा, इंग्लंडहून परत

केअर वर्कर होतो, म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करायचो. मालकाचा स्पॉन्सर परवाना, म्हणजे बाहेरचे कामगार ठेवायचा परवाना, रद्द झाला. अशा वेळी नवा मालक शोधायला ६० दिवस देतात. मला मिळाला नाही. मार्च २०२४ पासून नव्या केअर वर्करला बायकापोरं नेता येत नाहीत, अन् जुलै २०२५ पासून परदेशातून भरतीच बंद. तरी परवा एकजण म्हणला, एजंट केअरचा व्हिसा करून देतोय. तो व्हिसाच बाहेरच्याला मिळत नाही, तर हा देतोय काय?

नांदेड, सध्या टेक्सास

वरच्यांच्या मानानं माझं सोपं गेलं. एमएस, मग ओपीटी म्हणजे शिक्षणानंतर तात्पुरतं काम करायची परवानगी, मग एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. वर्षाला ८५,००० जागा, माझा नंबर निव्वळ नशिबानं लागला. ज्वारीचं पीठ इथल्या भारतीय दुकानात मिळतं, पण विरी गेलेलं. थापताना भाकर चिरते. उकळत्या पाण्यात मळा, जमतंय.

धागा काढणारा

उदगीरच्या ताई, बी-२ होईपर्यंत किती महिने अन् खोलीभाड्यासकट किती पैसे लागले, तेवढं लिहा. आमच्या गावातल्या दोन पोरी विचारायल्यात.