आधी किनारा, मग पडदा
स्मार्ट बोर्डवर चित्रफीत दाखवली की मुले कचरा वेगळा करू लागतात, या मताशी मी अर्धाच सहमत आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या शाळेत आम्ही क्रम उलटा धरला: मुलांनी आधी सुरूच्या बनापासून भरतीच्या रेषेपर्यंत फिरून बाटल्या, थर्माकोल आणि नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे वेचले, शिक्षकांच्या मोबाइलवर त्यांचे फोटो काढले आणि मग वर्गात प्रोजेक्टरवर ते मोठे करून पाहिले. बाटलीच्या बुडाशी असलेला त्रिकोण आणि त्यातला 1 हा आकडा पडद्यावर हातभर झाला, तेव्हा ती ‘पेट’ प्लास्टिकची खूण आहे हे पुन्हा सांगावे लागले नाही. जाळ्यात अडकून वाळलेला एक खेकडा दिसला, त्यावर वर्ग बराच वेळ गप्प होता. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले. आपण बहुधा दोनच शिकवतो आणि संपलेले सेल, फुटक्या ट्यूबलाइट राहून जातात. नगरपरिषदेच्या कचरा प्रकल्पाची भेट हवीच, परंतु तत्पूर्वी मुलांनी आठवडाभर घरचा कचरा तोलून संगणकावर तक्ता भरावा, म्हणजे तिथे विचारायला त्यांच्याकडे स्वतःचे प्रश्न असतील.