मदत हवी आहे: मोटरवीक बघून मुलाला 1990 ची मियाटा हवी आहे, काय करू?

राजगिरा
नमस्कार मंडळी. आम्ही मेरीलँडमध्ये, बाल्टिमोरच्या पश्चिमेला राहतो. मुलगा साडेसोळाचा झाला, प्रोव्हिजनल लायसन्स हातात आलं आणि घरात गाडीचं भूत शिरलं. इथवर घरोघरी हेच. आमच्याकडचा गुंता मोटरवीकने वाढवलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मेरीलँड पब्लिक टेलिव्हिजनचा हा गाड्यांचा कार्यक्रम 1981 पासून सुरू आहे. ओविंग्ज मिल्सला तयार होतो, म्हणजे आमच्या शेजारीच. जॉन डेव्हिस पहिल्यापासूनचे निवेदक. आता त्यांनी जुन्या चाचण्या 'रेट्रो रिव्ह्यू' म्हणून यूट्यूबवर टाकल्यात आणि आमचे चिरंजीव जेवतानाही तेच बघतात. त्यात माझदा मियाटा दिसली. दोन सीट, उघडं छप्पर, बटण दाबलं की वर येणारे दिवे. झालं! फ्रेडरिकच्या बाजूला एकाकडे 1990 ची, पाच गिअरची मॅन्युअल विकायला आहे, हेही त्यानेच शोधून काढलं.

आता माझ्या शंका. इतक्या जुन्या चाचणीचा आज कितपत उपयोग? नवऱ्याचं म्हणणं, हे लोक कुठल्याच गाडीला वाईट म्हणत नाहीत, ती जाहिरातच समजायची. दुसरं, नवशिक्या पोराला ही गाडी देणं वेडेपणा आहे का? आणि बघायला गेलोच तर काय तपासायचं? "होंडा सिव्हिक घे आणि गप्प बस" हे उत्तर मी देऊन झालंय, चाललं नाही.

घाटमाथा
डेट्रॉइटजवळ असतो, गाड्यांच्याच धंद्यात. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. डेव्हिस सौम्य बोलतात, गाडीची टर उडवणं हा त्यांचा पिंडच नाही. टॉप गिअर हा गाड्यांची खिल्ली उडवणारा ब्रिटिश कार्यक्रम बघून आलेल्याला ते आकाशवाणीच्या बातम्यांसारखं वाटेल. पण आकडे लपवत नाहीत. शून्य ते साठ मैल वेग किती सेकंदांत, पाव मैल किती वेळात, ब्रेक लावल्यावर गाडी किती फुटांत थांबली, शंकूंमधून वळवताना मागची बाजू सुटली का, हे सगळं येतं. वर्षानुवर्षं साधारण याच पद्धतीने मोजत आल्यामुळे एका दशकातली गाडी दुसऱ्या दशकातल्या गाडीशेजारी ठेवून बघता येते. माझ्या लेखी त्या संग्रहाची खरी किंमत ही आहे.

मियाटाचं म्हणाल तर तेव्हाचं कौतुक रास्तच होतं. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती आली तेव्हा छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार जवळजवळ संपल्या होत्या. 1.6 लिटरचं इंजिन, 116 हॉर्सपॉवर, किंमत 14 हजार डॉलरच्या आत. पळायला काही फार नाही, साठ मैलांना नऊ सेकंदांच्या आसपास. आजची साधी टोयोटा कॅमरीही तिला मागे टाकेल. मजा वळणांत आहे.

चकलीभाजणी
आई म्हणून लिहिते, गाड्यांतलं कळत नाही म्हणून वाचून लिहिते. 1989 च्या चाचणीत अपघाताचा मुद्दा येणार तरी कसा? विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस ही संस्था समोरून आदळण्याच्या ज्या चाचण्या करते, त्या 1995 ला सुरू झाल्या. याच संस्थेने 2009 मध्ये 1959 ची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 ची मॅलिबू समोरासमोर धडकवली, तो व्हिडिओ पोराला दाखवा. जुनी गाडी भक्कम असते हा समज एका मिनिटात उतरतो. तुमची मियाटा तर भक्कमही नाही, वजन हजार किलोच्या आगेमागे, आणि हायवेवर शेजारी कोण? पिकअप ट्रक.

शिवाय 1990 च्या गाडीत एअरबॅग फक्त चालवणाऱ्यापुढे. शेजारच्या सीटला 1994 पासून मिळाली. घसरणारी गाडी आपोआप सावरणारं स्टॅबिलिटी कंट्रोल नाहीच. एकट्या गाडीच्या जीवघेण्या अपघातांचा धोका त्याने जवळपास निम्मा होतो असं हीच संस्था सांगते. नवशिक्यांसाठी त्यांचा पहिला आग्रह तोच असतो.

सदाशिवपेठी
आमच्या वेळी फियाटला सीटबेल्टसुद्धा नव्हता आणि आम्ही खंडाळ्याचा घाट चढायचो. पोराला मॅन्युअल शिकायचीय हे ऐकूनच ऊर भरून आला. द्या घेऊन!

चकलीभाजणी
काका, तेव्हा घाटात समोरून येणारा ताशी किती वेगाने येत होता तेही सांगा.

राजगिरा
भांडू नका प्लीज. चकलीभाजणी, दाखवला तो व्हिडिओ. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण मियाटा 1959 ची नाहीये." त्याचा पुढचा मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. मेरीलँडमध्ये नवीन लायसन्सवाल्याला पहिले 151 दिवस घरच्यांव्यतिरिक्त अठराच्या आतला कोणी एरवी शेजारी बसवता येत नाही. दोन सीटच्या गाडीत त्यानंतरही मित्रांची टोळी भरता येणार नाही, म्हणजे हीच गाडी जास्त सुरक्षित. वकील करावा याला.

सुटापाना
मित्रांबद्दल पोरगं बरोबर बोलतंय. गाडीत समवयस्क वाढले की नवशिक्यांचे अपघात वाढतात. पण त्यावर एअरबॅगचा प्रश्न सुटत नाही.

माझ्याकडे 1992 ची मियाटा आहे, तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. सगळ्यात आधी बॉनेट उघडून क्रँकशाफ्टच्या (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) पुढच्या पुलीकडे बघा. 1990 आणि 1991 च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं नाक आखूड होतं. तिथला बोल्ट सैल झाला की पुली दांड्यावर पक्की धरणाऱ्या छोट्या पाचरीची खाच झिजते आणि मग इंजिनच उतरवावं लागतं. पुलीच्या मध्याजवळ चार खाचा दिसल्या तर आखूड नाकाची, आठ दिसल्या तर सुधारलेली. चार असली म्हणजे गाडी गेलीच असं नाही, पण टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, वेळेवर उघडवणारा पट्टा) बदलताना तिथे कोणी हात लावला, कसा लावला, याच्या पावत्या मागा.

मग गंज. छपराचं पाणी जायच्या नळ्या सीटमागून खाली येतात. त्या पानांनी तुंबल्या की पाणी दारांखालच्या पट्टीत साचतं. मागच्या चाकाच्या पुढचा भाग बोटाने दाबून बघा. वरून ताजा रंग दिसला तर जास्तच दाबा. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे ही तपासणी इंजिनाच्याही आधीची. टायमिंग बेल्ट 60 हजार मैलांना बदलायचा असतो, मात्र 1.6 मध्ये तो तुटला तरी व्हॉल्व्ह वाकत नाहीत, गाडी नुसती थांबते. वरून टिकटिक आवाज आला तर घाबरू नका, व्हॉल्व्ह ढकलणारे लिफ्टर असतात, बहुतेकदा ताज्या ऑइलने शांत होतात. क्लच पेडल मऊ लागलं तर खालचा स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) गळतोय, त्याचा खर्च फार नाही.

टायरची नक्षी बघून फसू नका. टायरच्या बाजूवर 'DOT' अक्षरांपुढे छापलेल्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. हौशी लोकांच्या गाड्या कमी पळतात, टायर जागच्या जागी म्हातारे होतात.

घाटमाथा
सुटापाना यांनी लिहिलं ते वाचून पॅट गॉस आठवले. राजगिराताई, तुमचा मुलगा अर्धाच मोटरवीक बघतोय. डेव्हिस नवी गाडी कशी चालते ते सांगायचे, आणि त्याच कार्यक्रमात 'गॉस गॅरेज' नावाच्या सदरात गॉस तीच गाडी पुढे दहा-पंधरा वर्षं कशी जगवायची ते. त्यांचं स्वतःचं गॅरेज तुमच्याच राज्यात, सीब्रूकला होतं. 2022 मध्ये गेले. कूलंट, ब्रेकचं तेल, गिअरबॉक्सचं तेल वेळच्या वेळी बदला हा त्यांचा घोष असायचा. कंटाळवाणं वाटतं, पण पस्तीस वर्षांच्या गाडीला रेट्रो रिव्ह्यूपेक्षा ते जास्त लागू आहे. त्याला आता गॉसचे भाग बघायला बसवा.

आणि मधला मार्ग हवा असेल तर 2012 ते 2015 ची मियाटा. 2012 च्या मॉडेलपासून अमेरिकेत सगळ्याच नव्या गाड्यांना स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचं झालं. बाजूच्या एअरबॅगही मिळतात. पैसे जास्त पडतील.

राजगिरा
दाखवली. "दिवे वर येत नाहीत," हा निकाल लागला. वर येणारे दिवे 1997 लाच संपले म्हणे.

पण एक सांगू का? मी पुण्यात बाबांच्या फियाटवर शिकले, स्टिअरिंगशेजारच्या गिअरवर. इथे आल्यापासून ऑटोमॅटिकच. हे सगळं वाचताना गाडी मलाच हवीशी वाटायला लागलीय. रोजच्या शाळेसाठी त्याला स्टॅबिलिटी कंट्रोलवाली सिव्हिक, यावर आता घासाघीस नाही. मियाटा परवडली तर माझ्या नावावर, रविवारी कोरड्या रस्त्यावर, मी शेजारी बसणार. नवऱ्याने अजून हो म्हटलेलं नाही.

सुटापाना
विमा आधी विचारा. हौशी गाड्यांच्या स्वस्त पॉलिसीत इतक्या लहान चालकाला सहसा घेत नाहीत, आणि न सांगता चालवू दिली तर क्लेम अडकेल. मेरीलँडमध्ये गाडी नावावर करताना सेफ्टी इन्स्पेक्शनचं प्रमाणपत्र लागतं, ते कोण काढणार हे पैसे देण्याआधी ठरवा. खर्च तिथेच निघतो.

राजगिरा
धन्यवाद, दोन्ही गोष्टी डोक्यात नव्हत्या. शनिवारी बघायला जातोय, बोटाने दाबायची जबाबदारी चिरंजिवांची. फ्रेडरिक किंवा हेगर्सटाऊन भागात जुन्या मियाटा कळणारा मेकॅनिक कोणाच्या माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. विकणाऱ्याने सुचवलेला नकोय.