मदत हवी आहे: पाच अक्षरी इंग्रजी शब्द, क्यू हवा पण त्यानंतर यू नको

नमस्कार मंडळी,

पारोळ्याहून लिहितोय. हार्डवेअरचं दुकान आहे, इंग्रजीशी संबंध खोक्यांवर छापलेलं वाचण्यापुरता. पोरगी सहावीला, सेमी इंग्रजी. दिवाळीच्या सुट्टीत सरांनी काम दिलंय: पाच अक्षरांचे इंग्रजी शब्द, स्पेलिंग आणि मराठी अर्थासकट. याद्या तीन.

पहिली झेड असलेल्या शब्दांची, ती झाली. झेब्रा, पिझ्झा, प्राइझ, डझन, रेझर तिचेच. मेझ म्हणजे मका मी सांगितला, गॉझ म्हणजे जखमेवर बांधायचं जाळीदार कापड मेडिकलवाल्याने. ग्रेझचे दोन अर्थ निघाले, गुरं चरणं आणि खरचटणं, दोन्ही लिहिले. झेब्रा मात्र तिने आधी खोडला होता, का तर त्यात दोनच अक्षरं! मराठीत दोन, इंग्रजीत झेड-ई-बी-आर-ए पाच, हे समजावण्यात माझा चहा गार झाला.

गाडी अडलीय दुसऱ्या यादीत. क्यू हवा, पण त्याच्या लगेच पुढे यू नको. असे पाच. म्हणजे क्वीन, क्विक, क्विल्ट सगळे बाद. व्हॉट्सॲपवर एकाने यादी पाठवली: फकीर, बुरखा, तलाक, कतार, कनात. तिने लिहूनही टाकली. आता माझ्या शंका. फकीर आणि बुरखा इंग्रजी कधीपासून झाले? तलाक सहावीच्या वहीत अर्थासकट बरा दिसेल का? (घरून आदेश आहे, खोडा.) आणि कनात म्हणजे मांडवाच्या बाजूचं कापड, लग्नसराईत त्याची सुतळी माझ्याच दुकानातून जाते. इंग्रजीतही तेच का?

तिसरी यादी ए, ई, आय, ओ, यू यातलं एकही नसलेल्या शब्दांची, पाचच हवेत. तिने रिदम लिहिला, मोजला तर सहा अक्षरं.

आई शेजारी भरताची वांगी भाजत होती. क्विल्ट म्हणजे गोधडी एवढंच कानावर पडलं तिच्या. म्हणे, "गोधडीले बी इंग्रजी नाव शे का?"

परवा शाळा उघडते. कोणी मार्ग दाखवा.

इंग्रजीच्या बाई, धुळे

भाऊ, आधी कतार काढा. अक्षरं पाच आहेत, पण ते देशाचं नाव. विशेषनाम धरत नाहीत, हाच सापळा असतो.

फकीर, बुरखा इंग्रजी शब्दकोशात आहेत, काळजी नको. क्यूला यू चिकटला तो फ्रेंचांमुळे. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्याआधी क्वीन हा शब्द सी आणि डब्ल्यू वापरून लिहीत. पुढे फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी क्यू-यू आणला. अरबी शब्द इंग्रजीत आले ते वेगळ्या वाटेने. अरबीत घशातून काढायचा एक 'क' आहे, तो दाखवायला क्यू वापरतात, म्हणून तिथे यूची गरज नाही. फकीर मात्र बहुतेक ठिकाणी के घालून लिहितात. क्यूचं स्पेलिंगही आहे, पण कमी दिसतं. सर कडक असतील तर तो शेवटी ठेवा.

तलाकऐवजी निकाब घ्या: एन-आय-क्यू-ए-बी, डोळे उघडे ठेवून चेहरा झाकायचं वस्त्र. आणि किब्ला: क्यू-आय-बी-एल-ए, नमाज पढताना तोंड करायची दिशा, मक्केतल्या काबाकडची. आणि हो, क्वाएट आणि क्वाइट लिहिताना दर वर्षी निम्मा वर्ग ई आणि टीची अदलाबदल करतो, तेवढं तिच्याकडून घोटून घ्या.

रावेरचा केळीवाला

कनातवर माझा हक्क! इंग्रजीतला क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे मांडवाचं कापड नव्हे. जमिनीखालून पाणी आणणारा बोगदा. डोंगराच्या पायथ्याशी भूजल गाठायचं, तिथून गावापर्यंत अगदी बेताचा उतार देऊन बोगदा खणायचा आणि मधे मधे विहिरीसारखी उभी भोकं पाडायची. उतारानेच पाणी येतं, ना मोट ना मोटर. ही इराणची विद्या.

बघायचं असेल तर लांब जायला नको. आमच्या शेजारच्या बऱ्हाणपूरला कुंडी भंडारा आहे, तो हाच प्रकार, मोगलांच्या काळातला. सातपुड्याचं पाणी, वर ओळीने कुंड्या. आम्ही लिफ्टने आत उतरलो होतो. खाली पाणी गार, आणि भिंतींवर चुन्याचा पांढरा थर, हात लावला तर खरखरीत. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या वेळी खानदेशची राजधानी तेच होतं. पोरीला अर्थाच्या रकान्यात हे लिहायला सांगा, सर खूष होतील. नाही झाले तर सर खानदेशचे नाहीत.

नुसता वाचक

वनलुक नावाची साइट आहे. तिथे क्यू लिहून पुढे चार प्रश्नचिन्हं टाका, क्यूने सुरू होणारे पाच अक्षरी शब्द येतात. एक चिन्ह म्हणजे एक अक्षर.

कापूसवाला, चोपडा

तिसरी यादी माझी. निम्फ: एन-वाय-एम-पी-एच. अर्थ अप्सरा, पण कपाशीवरच्या तुडतुड्यांच्या पिल्लांनाही निम्फच म्हणतात. अप्सरा आमच्या शेतात अजून उतरली नाही, पिल्लं दर वर्षी उतरतात. लिम्फ म्हणजे शरीरातला लसिका नावाचा द्रव. क्रिप्ट म्हणजे चर्चखालचं तळघर. ट्रिस्ट म्हणजे ठरवून केलेली भेट, नेहरूंच्या 14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्रीच्या भाषणातली. पाचवा मर्ह: एम-वाय-आर-आर-एच, आपला हिराबोळ.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. हिराबोळ ऐकल्यावर आईने कपाटातून डबी काढून पोरीच्या नाकाशी धरली, माझ्या जन्माच्या वेळी आणला होता म्हणे. पोरगी शिंकली, आर दोनदा लिहायला विसरली, पुन्हा लिहिला.

दुसऱ्या यादीत आता बुरखा, निकाब, किब्ला, कनात आणि शेवटी पेन्सिलीने फकीर. तलाकवर व्हाइटनर मारलाय, वाळला की त्याच जागी किब्ला बसेल. बाकी बऱ्हाणपूर कधी दाखवणार, हे ती सकाळपासून तीनदा विचारून गेलीय. केळीवाले दादा, लिफ्ट रविवारी चालू असते का?