मदत हवी आहे: डिझेल आपल्याकडे स्वस्त आणि अमेरिकेत महाग, हे कसं काय?

छोटाहत्ती_सांगली (धागाकर्ता), नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

घरच्या धंद्याला आणखी एक छोटा हत्ती (लहान मालवाहू टेम्पो) घ्यायचा आहे. तासगाव-मिरज भागातला भाजीपाला, सीझनला द्राक्षं. डिझेलचा घ्यावा की पेट्रोलचा यावर घरात दोन पार्ट्या पडल्यात. वडील डिझेलवाले. त्यांचा सगळा हिशेब एकाच गोष्टीवर उभा आहे: आमच्याकडे पेट्रोल १०४ च्या आसपास, डिझेल ९१ च्या आत, म्हणजे लिटरमागे तेरा रुपये सुटतात. गाडीला जादा मोजलेले पैसे त्यातून फिटतात.

मावसभाऊ ओहायोत असतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, आमच्याकडे उलटं आहे, डिझेलच महाग असतं. आता माझं डोकं फिरलंय. कच्चं तेल एकच, मग इकडे स्वस्त नि तिकडे महाग कसं? मुळात महाग कुठलं? आणि हा तेरा रुपयांचा फरक पाच-सात वर्षं टिकेल असं धरून गाडी घ्यावी का?

जाणकारांनी सांगावं. एक विनंती, कुठलं सरकार चांगलं यावर इथे ढिगाने धागे आहेत, तिकडे भांडा.

---

बाष्कळबुवा

सोपं आहे. पेट्रोल म्हणजे साय, डिझेल म्हणजे खालचं ताक. ताक स्वस्तच असणार. पुढचा प्रश्न?

---

माहुलकर_निवृत्त

बुवा, हा समज फार जुना आहे आणि चुकीचा आहे. चेंबूरच्या बाजूला रिफायनरीत आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कच्चं तेल तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. ज्याचा उत्कलनबिंदू कमी ते वर जातं, जास्त ते खाली राहतं. पेट्रोलचा भाग साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आत उकळतो, डिझेलचा त्यापुढे ३५० च्या आसपासपर्यंत. मधल्या पट्ट्यात रॉकेल आणि विमानाचं इंधन. मनोऱ्यातून निघालेलं यातलं काहीही थेट पंपावर जात नाही. पेट्रोलचा ऑक्टेन (इंजिनात ठोके न देता जळायची क्षमता) वाढवायला वेगळी युनिटं लागतात. डिझेलमधलं गंधक काढायला हायड्रोजन लागतो, तोही मोठ्या दाबाखाली, आणि हायड्रोजन फुकट मिळत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाड्यांच्या धुराचं कडक मानक) आलं तेव्हा गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आणली. जुन्या काळी डिझेल कमी मेहनतीत व्हायचं हे खरं. आता ते दिवस गेले.

एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जाही जास्त असते, कारण ते जड आहे. मग ते स्वस्त का असावं? नसतंच! २०२४ मध्ये दिल्लीतल्या भावाची जी फोड प्रसिद्ध होत होती त्यात कर आणि कमिशन वगळता दोन्ही इंधनं ५५-५६ रुपयांच्या घरात होती आणि डिझेल किंचित वर होतं.

फरक पडतो तो त्यानंतर. केंद्राचं उत्पादन शुल्क एप्रिल २०२५ पासून पेट्रोलवर २१.९० आणि डिझेलवर १७.८० रुपये. झाले चार रुपये दहा पैसे. मग आपल्या राज्याचा व्हॅट: पेट्रोलवर २५ टक्के अधिक लिटरला ५.१२ रुपये, डिझेलवर नुसते २१ टक्के. (मुंबई-ठाणे-नवी मुंबईत दर जास्त होते, जुलै २०२४ पासून तिथेही हेच.) शिवाय व्हॅट लागतो तो मूळ भाव, उत्पादन शुल्क आणि पंपवाल्याचं कमिशन या सगळ्याच्या बेरजेवर, म्हणजे करावरही कर. हे गणित मांडलं तर राज्याच्या वाट्याचा फरक ढोबळमानाने नऊ रुपये येतो. पंपाचं कमिशन पेट्रोलवर रुपया-सव्वा रुपया जास्त. मूळ भावातला उलटा फरक वजा करा. आले तुमचे तेरा रुपये.

---

छोटाहत्ती_सांगली

काका, म्हणजे तेराच्या तेरा रुपये कराचे आणि कमिशनचे? वडिलांना वाटतं डिझेल बनवायलाच स्वस्त पडतं.

---

माहुलकर_निवृत्त

हो. डिझेलवर ट्रक चालतो, एसटी चालते, ट्रॅक्टर, बोटी, जनरेटर. ते महागलं की कांदा महागतो, म्हणून दोन्ही सरकारांनी हात राखून कर लावला. पेट्रोल म्हणजे मोटारवाल्याचं इंधन अशी जुनी समजूत त्यामागे आहे. स्कूटरवर पोट असणारा माणूस त्या हिशेबात कधी बसलाच नाही, हे माझं वैयक्तिक मत.

---

ईडीसनची_आजी

अमेरिकेचं मी सांगते. इथे फेडरल कर पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट. हा सहा सेंटांचा फरक १९८४ पासूनचा. विचार आपल्या उलट: डिझेल जाळतात ते अवजड ट्रक, रस्ते खराब करतात तेच, मग त्यांनी जास्त द्यावं. शेतात वापरायच्या डिझेलला हा रस्त्याचा कर नाही, म्हणून त्यात लाल रंग घालतात. ते टाकून हायवेवर सापडलात तर दंड. आपल्याकडे रेशनचं रॉकेल निळं करायचे, तसलीच युक्ती.

पण सहा सेंटांनी सगळं उलगडत नाही. इथल्या मोटारी जवळपास सगळ्या पेट्रोलवर. त्यामुळे रिफायनऱ्याही पेट्रोल जास्त निघावं अशाच बांधलेल्या. ४२ गॅलनच्या पिंपातून १९-२० गॅलन पेट्रोल निघतं, डिझेल साधारण १२. त्या बारावर ट्रक, रेल्वे आणि शेती, शिवाय परदेशातूनही मागणी. थंडीत ईशान्येकडच्या घरांच्या तळघरात जे हीटिंग ऑइल जळतं तेही जवळजवळ डिझेलच. आमच्या शेजारणीकडे डिसेंबरात टँकर येतो. २००६ पासून कमी गंधकाचं डिझेल सक्तीचं झालं, तो खर्च वेगळा. २००४ च्या सप्टेंबरपासून इथे डिझेल जवळपास कायम पेट्रोलच्या वरच आहे.

२०२२ मध्ये तर कहर झाला. युरोप रशियाकडून भरपूर डिझेल घ्यायचा, युद्ध लागल्यावर सगळे दुसरीकडे शोधायला लागले. जूनमध्ये इथली सरासरी पेट्रोलला गॅलनमागे पाच डॉलरच्या जेमतेम वर गेली, डिझेलला ५.८० च्या वर. तेव्हा किराणा का महागला ते दुकानात वेगळं विचारावं लागलं नाही.

---

बांदेकर_पंपाच्या_अलीकडे

करामुळेच फरक, याचा पुरावा बघायला आमच्याकडे या. बांद्याहून पुढे गेलं की पत्रादेवी, गोव्याची हद्द. पलीकडे पेट्रोल बरंच स्वस्त, डिझेल मात्र थोडंसंच. म्हणजे तुमचा तेरा रुपयांचा फरक हद्द ओलांडली की आठाच्या आसपास येतो. तेल तेच. पर्रीकरांनी २०१२ मध्ये पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला होता, तेव्हा तर अकराएक रुपयांनी उतरलं होतं. पुढे कर परत वाढत गेला, तरी आम्ही टाकी रिकामी ठेवूनच गोव्यात जातो.

अवांतर: दोन्ही गोष्टी जीएसटीत आणा म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की मग राज्याला असे खेळ करता येणार नाहीत. म्हणूनच कुठलंही राज्य त्याला तयार नसतं.

---

रिझर्व्हवर_चालणारा

भाऊ, फरक टिकेल का हा तुमचा खरा प्रश्न. मागे बघा म्हणजे उत्तर मिळेल.

२०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचा भाव सरकारने मोकळा सोडला, डिझेलचा धरून ठेवला. मे २०१२ मध्ये पेट्रोल एका झटक्यात साडेसात रुपयांनी वाढलं तेव्हा दिल्लीत पेट्रोल ७३ च्या वर आणि डिझेल ४१ च्या आत. बत्तीस रुपयांचा फरक! त्या काळात ज्याला-त्याला डिझेल मोटार हवी होती. महिन्यातून चारदा गाडी काढणाऱ्यांनीही घेतली. मग जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला पन्नास पैशांच्या आसपास वाढवत नेलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळं केलं. बत्तिसाचा फरक बघून सात वर्षांचा हिशेब मांडलेल्यांचं काय झालं असेल?

पुढे मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये वाढवले, दिल्ली सरकारने त्याच सुमारास डिझेलचा व्हॅट ३० टक्क्यांवर नेला. जूनच्या शेवटी दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं. जुलैअखेरीस व्हॅट १६.७५ वर आणला तेव्हा पुन्हा खाली. दोन्ही वेळा रिफायनरीत काहीही बदललेलं नव्हतं.

आणि पंपावर दिसतो तोच भाव सगळ्यांना असतो असंही नाही. मार्च २०२२ मध्ये घाऊक ग्राहकांचं डिझेल मुंबईत १२२ रुपयांवर गेलं, शेजारच्या पंपावर ९४. मच्छीमार सोसायट्या घाऊकमध्ये मोडतात, त्यांची तेव्हा पंचाईत झाली.

तेव्हा गाडी घेताना हिशेब दोनदा करा. एकदा तेरा धरून, एकदा चार-पाच धरून. दुसऱ्या हिशेबातही डिझेल परवडत असेल तरच घ्या. जास्त ॲव्हरेज हा डिझेलचा खरा फायदा, तो सरकार काढून घेऊ शकत नाही. रोज वाशीला जाणार असाल तर डिझेल. गावातल्या गावात भाजी पोचवायची असेल तर नको. बीएस-६ डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो छोट्या फेऱ्यांत तुंबतो आणि मग एकदम मोठं बिल येतं.

---

छोटाहत्ती_सांगली

सगळ्यांचे आभार. माहुलकर काकांचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. "कर आहे म्हणूनच टिकेल, शेतकऱ्याला नाराज कोण करतंय" असं ते म्हणाले. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पाच रुपये धरून आकडे मांडले. वाशीच्या फेऱ्यांना डिझेल तरीही बसतं, पण फायदा निम्म्याहून खाली येतो. मिरज मार्केटच्या फेऱ्यांना अजिबात बसत नाही, आणि नवीन गाडी मुळात तिथेच लागणार आहे. तर पेट्रोलचा बघतोय. सीएनजीचं कसं पडेल, कुणाचा अनुभव?

---

बाष्कळबुवा

त्याला नवीन धागा काढा. तिथे पंपावर रांगेत उभे असलेले लोक उत्तरं देतील, त्यांच्याकडे वेळ भरपूर असतो.