दक्षिण अमेरिका ग्रुप टूर (पेरू, बोलिव्हिया, अटाकामा): कुठली घ्यावी? सल्ला हवाय

घोडबंदरची_मीना
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर हलवा प्लीज. मी ५६, नवरा ६१, त्याला बीपीची रोजची गोळी आहे बाकी तब्येत ठणठणीत, दोघंही रोज तासभर चालतो. लेह दोन वर्षांपूर्वी झालं, त्रास झाला नाही (म्हणजे पहिले दोन दिवस डोकं दुखलं पण ते सगळ्यांचंच). आता दिवाळीच्या सुमारास दक्षिण अमेरिकेचं मनात आहे. स्वतः बुकिंग करून फिरायची हिंमत नाही, स्पॅनिश शून्य, त्यामुळे ग्रुप टूरच.

दोन प्लॅन समोर आहेत.
अ) आपल्याकडची कंपनी, १५ दिवस. रिओ, इग्वासूचा धबधबा, ब्वेनोस आइरेस, सँटियागो, लिमा, कुस्को, माचू पिचू. मराठी टूर मॅनेजर, रात्रीचं जेवण शक्यतो इंडियन.
ब) बाहेरची कंपनी, २३ दिवस, जास्तीत जास्त १६ माणसं, जगभरातली. लिमा, पाराकास, कुस्को, माचू पिचू, पुनो, ला पाझ, उयुनी, सॅन पेद्रो दे अटाकामा, सँटियागो, ब्वेनोस आइरेस. नाश्ता सोडून जेवण आपापलं.

नवऱ्याचा जीव ब मध्ये अडकलाय कारण त्याला ते उयुनीचं मिठाचं वाळवंट बघायचंय. मी शाकाहारी (अंडं चालतं), त्यामुळे माझा जीव अ मध्ये. किंमत ब ची कमी दिसतेय पण जेवण धरलं तर किती कमी राहील देवाला ठाऊक. कोणी गेलंय का?

भटक्या_सांगलीकर
आलोय जाऊन. एक वाक्यात सांगायचं तर शहरांची यादी बघू नका, प्रत्येक रात्र किती उंचीवर झोपायचंय ते कागदावर लिहून काढा आणि मग ठरवा.

हे का म्हणतोय ते सांगतो. लिमा समुद्रकिनाऱ्यावर. तिथून विमानाने सव्वा-दीड तासात कुस्को, ३४०० मीटर. म्हणजे जवळपास लेह. पण लेहला जाऊन आपण दोन दिवस पडून राहतो, सगळे तेच सांगतात, इथे मात्र टूरवाले दुपारी उतरवतात आणि तीनला सिटी टूर काढतात. माचू पिचू त्यामानाने खाली आहे, २४३० मीटर, ते बऱ्याच जणांना माहीतच नसतं. त्यामुळे शहाणी टूर कशी असते, तर कुस्को एअरपोर्टवरून थेट खाली सेक्रेड व्हॅलीत उरुबांबा किंवा ओयांतायतांबोला नेते (२८०० च्या आसपास), तिथे दोन रात्री, मग माचू पिचू, आणि कुस्को सगळ्यात शेवटी. तोपर्यंत शरीर तयार झालेलं असतं. त्यानंतर पुनो ३८००, ला पाझ ३६०० च्या वर, उयुनी साधारण तेवढंच. तुमच्या ब चा क्रम मुळात चांगला आहे, फक्त कुस्कोच्या पहिल्या दोन रात्री व्हॅलीत टाका म्हणावं. टाकत नसतील तर निदान पहिली दुपार मोकळी ठेवा म्हणावं.

अ मध्ये उंचीवर फक्त कुस्को, पण ते टूरच्या शेवटी, आधीच थकलेले असताना. ते मला पटत नाही.

न्यूजर्सीची_काकू
भटक्याशी सहमत. आम्ही ज्या कंपनीबरोबर गेलो (नाव लिहीत नाही) तिने लिमाहून रात्रीच्या विमानाने सरळ ला पाझला नेलं. तिथला एअरपोर्ट एल आल्तोत आहे, ४००० मीटरच्या वर. समुद्रसपाटीवरून थेट ४०००. बॅगांच्या पट्ट्यापाशीच आमच्यातली एक बाई मटकन खाली बसली, हॉटेलात तिघांना ऑक्सिजन लावला, आणि दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम होता तसाच ठेवला, का तर बस बुक झालीय. माझ्या यजमानांनी दोन दिवस फक्त भात आणि साखरपाणी घेतलं. कोका चहा देतात तिथे, बरं वाटतं थोडं, पण तो काही औषध नव्हे. डायामॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची का ते डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. बीपीच्या गोळीचंही विचारा. आणि कोकाची पानं किंवा चहाच्या पुड्या कौतुकाने बॅगेत टाकून घरी आणू नका, पेरू-बोलिव्हियात राजरोस मिळतात पण आपल्याकडे आणि चिलेतही ते अमली पदार्थात मोडतं.

एवढं होऊनसुद्धा ला पाझ मला आवडलं हां. केबल कार हीच तिथली लोकल. २०१४ मध्ये सुरू झाली, प्रत्येक लाइनला रंगाचं नाव, आपण नुसतं तिकीट काढून एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचं, खाली गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे आणि समोर बर्फाचा इयिमानी डोंगर. टूर मॅनेजरच्या "ऑप्शनल एक्स्कर्शन"मध्ये हे असेल तर पैसे देऊ नका, स्वतः जा.

पोटोबा
जेवणाचं मी सांगतो कारण मी पक्का शाकाहारी, अंडंही नाही, आणि २० दिवस जिवंत परत आलोय.

पहिला धडा: "सिन कार्ने" म्हणालात तर कोंबडी येते. तिकडे कार्ने म्हणजे मोठ्या जनावराचं मांस, पोयो (कोंबडी) आणि पेस्कादो (मासे) त्यात धरत नाहीत. म्हणून "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" असं मंत्रासारखं पूर्ण म्हणायचं. किन्वाचं सूप मागवलंत तर ते बहुतेकदा चिकनच्या पाण्यात केलेलं असतं, विचारून घ्या. पापा आ ला वांकाईना छान, उकडलेल्या बटाट्यावर चीज आणि पिवळ्या मिरचीचा सॉस. चोक्लो कोन केसो म्हणजे टपोऱ्या दाण्यांचं कणीस आणि चीजचा तुकडा, कुस्कोत रस्त्यावर मिळतं. चायनीज हॉटेलांना पेरूत चिफा म्हणतात, तिथला फ्राइड राइस सांगून करून घेता येतो. ब्वेनोस आइरेसला पिझ्झा आणि चीज-कांद्याचं एम्पानादा (करंजीसारखं). पण तिथले मेदियालुना (क्रोसांसारखे) घेताना "दे ग्रासा" नको, त्यात चरबी असते, "दे मांतेका" मागा, म्हणजे लोण्याचे.

अवांतर: कुस्कोच्या सॅन पेद्रो मार्केटमध्ये बायका फुलवलेली किविचा विकत होत्या. चाखून बघितली तर आपल्या राजगिऱ्याच्या लाह्या! मग डोक्यात प्रकाश पडला की बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, रताळं, साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो कंद, सगळं तिकडच्याच खंडातलं. म्हणजे आपली एकादशी अख्खी अमेरिकेतून आलेली. बायकोला तिथूनच फोन करून सांगितलं, तर म्हणाली इथे पहाटेचे चार वाजलेत.

मुलुंडचा_बाप्पा
मी अ सारखी टूर केलीय आणि मला उगाच सगळे ब च्या मागे लागलेले दिसतायत. माझी आई ७० ची होती बरोबर. रोज रात्री वरणभात समोर, औषधाची चौकशी करणारा मराठी माणूस, बॅग उचलायला कोणीतरी. इग्वासूसाठी ब मध्ये जागाच नाही, आणि मी सांगतो आख्ख्या टूरमध्ये तोंडात बोट घालायला लावणारी जागा तीच. ब मध्ये बसचे प्रवास आहेत, कुस्को ते पुनोच पावणेचारशे-चारशे किलोमीटर आहे, सहा-सात तास, मध्ये ४३०० मीटरची खिंड. ६१ व्या वर्षी मिठावर जीप हाणायची हौस असेल तर जरूर जा, पण काय हातचं जातंय तेही बघा.

भटक्या_सांगलीकर
बाप्पा, मुद्दा मान्य. आई ७० ची असती तर मीही अ च सांगितलं असतं. पण यांच्या नवऱ्याला उयुनीच बघायचंय, आणि तेच वगळून बाकी खंड दाखवला तर परत आल्यावर आयुष्यभर ऐकावं लागेल. इग्वासू हवंच असेल तर ब संपल्यावर ब्वेनोस आइरेसहून विमानाने दोन रात्री जोडता येतात.

उयुनीबद्दल. दहा हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठं मिठाचं मैदान. इंस्टाग्रामवर जो आरसा दिसतो तो पावसाच्या पाण्याचा, साधारण जानेवारी ते मार्च. दिवाळीत गेलात तर आरसा मिळेलच असं नाही, पांढऱ्या षटकोनी फरशा मिळतील क्षितिजापर्यंत. नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवा. मला फरशा जास्त आवडल्या, आणि कोरडं असलं की इंकावासी बेटापर्यंत गाडी जाते, तिथे पुरुष-दोन पुरुष उंचीचे निवडुंग.

पुढचे दोन दिवस खरी परीक्षा. सहा जणांची फोर बाय फोर, रस्ता नाहीच, लाल पाण्याचं लागुना कोलोरादा, फ्लेमिंगो, पहाटे ४८०० च्या वर गरम चिखलाची कुंडं. रात्री मुक्काम बिनहीटरच्या घरात, चार्जिंगला रांग, थंडी उणे. अंगावर थर चढवा, एक जाड जॅकेट चालत नाही. मग सीमा ओलांडली की गाडी तासाभरात दोन हजार मीटर खाली सॅन पेद्रोला उतरते आणि कान, डोकं, भूक सगळं एकदम उघडतं. म्हणूनच दिशा हीच बरी. उलट, सॅन पेद्रोहून वर गेलात तर पहिलीच रात्र ४००० च्या वर काढावी लागते.

न्यूजर्सीची_काकू
सॅन पेद्रोला आकाशदर्शन असतं, ते पौर्णिमेच्या आसपास नको. कालनिर्णय उघडून अमावास्येच्या जवळची तारीख धरा. लक्ष्मीपूजनच अमावास्येला, तेव्हा दिवाळीत जुळवणं सोपं.

डॉ_कोथरूड
कोणीच मूळ मुद्दा काढला नाही म्हणून लिहितो: यलो फीव्हर. पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना, ब्राझील हे सगळे भारताच्या यादीत आहेत. तिकडून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि पिवळं कार्ड (लसीचा दाखला) नसेल तर विमानतळावरून घरी नाही, क्वारंटाइन. तुम्ही जंगलात गेलात की वाळवंटात याच्याशी त्यांना घेणं नाही. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, एकदा घेतली की जन्मभर. पण साठीनंतर पहिल्यांदा घेताना धोका थोडा वाढतो, त्यामुळे मीनाताई, मिस्टरांचे सगळे कागद घेऊन आधी डॉक्टरांशी बोला, टूरचे पैसे भरायच्या आधी. अंड्याची जबर अ‍ॅलर्जी असेल तर लस देत नाहीत.

व्हिसा: तुमच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा आहे का? त्याची मुदत सहा महिन्यांच्या वर असेल तर पेरू आणि चिलेला वेगळा व्हिसा लागत नाही, निदान आम्ही गेलो तेव्हा लागला नाही. बाकीच्यांचे नियम बदलत राहतात, एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका, वकिलातीच्या साइटवर बघा.

घोडबंदरची_मीना
बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, धन्यवाद!! मुलगी टेक्सासला असते त्यामुळे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे दोघांचा. यलो फीव्हरचं दोन्ही कंपन्यांनी चकार शब्द काढला नव्हता, उद्याच डॉक्टरांची वेळ घेते. पोटोबांचा मंत्र पाठ करतेय, नवरा म्हणतोय तू आता चालता चालता पुटपुटायला लागलीस. ब वाल्यांना काय काय विचारू ते जरा सांगा ना.

भटक्या_सांगलीकर
घाईत लिहितोय. माचू पिचूचं तिकीट कुठल्या सर्किटचं काढणार ते विचारा. आता आत मनाला येईल तसं फिरता येत नाही, वेळ आणि वाट ठरलेली असते, आणि फोटोतला तो सुप्रसिद्ध देखावा सगळ्या वाटांवर मिळत नाही, १ किंवा २ सांगा. तिकीट पासपोर्ट नंबरवर असतं, मूळ पासपोर्ट जवळ हवा. मोठी बॅग ट्रेनमध्ये नेऊ देत नाहीत, मग ती कुठे ठेवणार. आत टॉयलेट नाही, हे तुम्हाला कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो. जीपमध्ये ऑक्सिजन सिलिंडर असतो का. रस्ते बंद झाले तर काय करणार, कारण तिकडे बंद-रास्ता रोको आपल्यापेक्षा जोरात असतात, २०२३ च्या सुरुवातीला तर आंदोलनामुळे माचू पिचूच काही आठवडे बंद होतं. आणि डॉलर कोऱ्या नोटांचे न्या, जरा फाटलेली असली तर घेत नाहीत.

घोडबंदरची_मीना
अपडेट: डॉक्टर म्हणाले नवऱ्याला लस देता येईल, बीपी दोन आठवडे लिहून ठेवा म्हणालेत. ब वाल्यांनी ईमेलला उत्तर दिलं, पहिल्या दोन रात्री ओयांतायतांबोला करायला तयार आहेत, आमच्यापुरतं, थोडे पैसे जास्त घेऊन. अ वाल्यांना तोच प्रश्न विचारला तर म्हणाले मॅडम आजपर्यंत कोणाला काही झालं नाही. म्हणजे ब.

शेवटचा प्रश्न. मेतकूट, भाजणी आणि लसणाची चटणी न्यायची आहे. चालेल?

पोटोबा
पेरू-बोलिव्हियात खाऊन टाका. चिलेच्या सीमेवर फार कडक आहेत, बॅगा स्कॅन करतात, विसरलेल्या एका सफरचंदालाही दंड बसतो. उरलंच तर फॉर्मवर "हो, खाद्यपदार्थ आहेत" लिहा आणि डबा उघडून दाखवा, फार तर काढून घेतील. आमचा शेंगदाण्याचा लाडू त्या बाईंनी हुंगला, उलटसुलट केला आणि परत दिला. चटणीचं मात्र डबल पॅकिंग करा, उंचीवर पिशव्या फुगून टम्म होतात आणि फुटल्या की सगळे कपडे लसूण.